उभ्याउभ्या

गिरगावात गाडी घ्यायचं खरं कारण एकच असतं : पार्किंग मिळालं. पगार वाढला, मुलं मोठी झाली, गुडघे कुरकुरायला लागले, ही सगळी मागाहून जोडलेली कारणं.

आमच्या वाडीच्या जागी टॉवर झाला, तेव्हा जुन्या भाडेकरूंच्या वाट्याला आलेलं पार्किंग घरटी एक पडेल इतकं नव्हतं. मग सोडत काढायची ठरली. म्हाडाच्या सोडतीचे फॉर्म भरण्यात ज्या घराच्या दोन पिढ्या खर्ची पडल्या आणि कधी काही लागलं नाही, त्या आमच्या घराची चिठ्ठी नेमकी इथं निघाली. घरात तेव्हा सायकलसुद्धा नव्हती. तरी दुसऱ्या दिवसापासून लोक लिफ्टमध्ये गाठून विचारू लागले, ‘मग, कुठली घेताय?’ शेजारच्या विंगमधल्या एका गृहस्थांनी जागा भाड्यानं देता का, अशी चाचपणी केली. अण्णा, म्हणजे माझे वडील, बेस्टमध्ये कंडक्टर होते. ते म्हणाले, ‘रिकामी सीट दिसली की लोक रुमाल टाकणारच. आधी बसून घे.’

आधी जागा आणि मग गाडी हा आमचा क्रम उफराटा वाटेल, पण जपानात १९६२ पासून तसा कायदाच आहे. गाडी ठेवायला जागा असल्याचा दाखला पोलिसांकडून आणावा लागतो, मग गाडीची नोंदणी. आपल्याकडे २०२५ मध्ये राज्य सरकारनं असाच विचार बोलून दाखवला, तेव्हा उपनगरांत खळबळ उडाली. गिरगावात कोणाला काही वाटलं नाही. इथं हा कायदा रस्त्यांच्या रुंदीनं केव्हाच करून ठेवला आहे.

आमचं पार्किंग यांत्रिक आहे. बटण दाबलं की एक लोखंडी पाट वर जातो, दुसरा बाजूला सरकतो, आणि तेवढा वेळ वॉचमन आपल्याकडे बघतसुद्धा नाही. त्या पाटावर धिप्पाड गाडी मावत नाही, म्हणून हॅचबॅक. आपल्याकडच्या हॅचबॅक चार मीटरच्या आत असतात, यामागे सौंदर्यदृष्टी वगैरे काही नाही. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात चार मीटरपर्यंतच्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवरचं अबकारी शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आलं, आणि कारखानदारांनी फूटपट्ट्या बाहेर काढल्या. आम्ही ज्या दोन गाड्यांपाशी येऊन पोचलो, त्यांची लांबी ३९९५ मिलिमीटर. अर्धा सेंटिमीटर हातचा राखून बाकी सगळी गाडी!

इंधनाच्या प्रश्नावर घरात रीतसर चर्चा झाली. सीएनजीची टाकी डिकीत बसते, आणि मग गणपतीला कोकणात जाताना पिशव्या मांडीवर येतात. विजेवरची गाडी मुलीला हवी होती. पण आमच्या सोसायटीत चार्जिंग पॉइंटचा विषय ‘पुढील सभेत चर्चेस घ्यावा’ या शेऱ्यानिशी इतिवृत्तात सुखरूप आहे. राहिली हायब्रिड. शोरूममध्ये जाऊन विचारलं तर कळलं की हायब्रिड हवी असेल तर लांबी वाढवा, रुंदी वाढवा आणि बजेटही वाढवा. छोटी हॅचबॅक हायब्रिडमध्ये नाही. पण २०१९ ते २०२२ या काळात ती होती, आणि सेकंड हँड बाजारात अजून मिळते. एक नव्हे, दोन : मारुतीची बलेनो स्मार्ट हायब्रिड आणि टोयोटाची ग्लान्झा.

इथं गंमत सुरू होते, कारण या दोन गाड्या म्हणजे एकच गाडी आहे. सुझुकी आणि टोयोटा यांनी भारतात एकमेकांना गाड्या पुरवायचा करार मार्च २०१८ मध्ये केला. २०१९ च्या एप्रिलमध्ये बलेनोला हायब्रिड जोड मिळाली आणि जूनमध्ये तीच गाडी ग्लान्झा नावानं टोयोटाच्या शोरूममध्ये जाऊन उभी राहिली. दोन्ही तयार झाल्या गुजरातेत, हंसलपूरच्या सुझुकीच्या कारखान्यात. इंजिन तेच, गिअर तेच, दार लावल्यावरचा आवाजही तोच. ग्लान्झाच्या तोंडावरची जाळी निराळी आणि बिल्ला निराळा. शिवाय टोयोटाची वॉरंटी तीन वर्षांची किंवा एक लाख किलोमीटरची होती आणि मारुतीची दोन वर्षांची किंवा चाळीस हजारांची. सेकंड हँड घेणाऱ्याच्या दृष्टीनं दोन्ही संपलेल्या. उरला फक्त बिल्ला.

दोन गोष्टींत फरक नसला की मराठी माणसाच्या मतांना विशेष धार चढते. फरक असता तर तो बघून गप्प बसता आलं असतं. ठाण्याचे भावोजी म्हणाले, ‘डोळे मिटून टोयोटा घ्या. ती इंजिनं मरत नाहीत.’ इंजिन मारुतीचंच आहे, असं मी म्हटलं. त्यावर ते म्हणाले, ‘असेल, पण टोयोटानं पास केलंय ना!’ आमच्या मजल्यावरचे एक काका बरोबर उलट बाजूला. त्यांचं म्हणणं, मारुतीचा मेकॅनिक तळकोकणातल्या एसटी स्टँडवरसुद्धा मिळतो. ‘आणि ग्लान्झा बंद पडली तर?’ ‘तर तोच मेकॅनिक. पण तो म्हणेल, ही मारुती नाही, आणि वर शंभर रुपये घेईल.’ दोघांचंही मला पटलं, आणि निर्णय होता तिथंच राहिला.

ऑकलंडच्या पुतण्यानं व्हिडिओ कॉलवर तिसरीच बाजू मांडली. त्याच्याकडे टोयोटाची ॲक्वा आहे, खरीखुरी हायब्रिड. तिची मोटर एकटी गाडी ओढू शकते. ‘काका, तुम्ही बघताय ती हायब्रिड नव्हेच. ती माइल्ड. माझी गाडी पार्किंगमधून निघते तर शेजाऱ्याला पत्ता लागत नाही.’ ही मागून म्हणाली, ‘अरे, तिकडे पत्ता लागायला शेजारी आहे कुठं?’

पण त्याचं म्हणणं बरोबर होतं. या दोन गाड्यांतली मोटर इंजिनाला पट्ट्यानं जोडलेली आहे आणि ती स्वतःच्या बळावर गाडी हलवत नाही. तिची कामं तीन. बंद इंजिन न खाकरता चालू करणं, वेग घेताना इंजिनाला थोडा हात देणं, आणि वेग उतरताना वाया जाणाऱ्या ताकदीतली थोडी वीज करून पुढच्या सीटखालच्या लिथियम-आयन बॅटरीत टाकणं. सिग्नलला थांबल्यावर न्यूट्रल टाकून क्लचवरचा पाय उचलला की इंजिन आपोआप बंद होतं आणि क्लच दाबला की मुकाट्यानं चालू होतं. कंपनीच्या कागदावर ॲव्हरेज लिटरला २३.८७ किलोमीटर, आणि त्याच गाडीचं हायब्रिड नसलेलं भावंड २१.०१. मुलगी कॉमर्सची. तिनं महिन्याचं चारशे किलोमीटर फिरणं धरून हिशेब मांडला. वाचतं सव्वादोन लिटर, म्हणजे मुंबईच्या भावानं सव्वादोनशे-अडीचशे रुपये. ‘टोइंगवाल्यानं एकदा गाडी उचलली,’ ती म्हणाली, ‘की काही महिन्यांची बचत त्याच्या हुकाला लटकून जाईल.’

हिशेब चोख होता, पण तो चालत्या गाडीचा होता. मुंबईत गाडी चालवण्यासाठी बाहेर काढतात खरी, प्रत्यक्षात ती बहुतेक वेळ उभी असते. गाड्यांच्या जाहिराती बघा. घाटातली वळणं, ओला रस्ता, समोर कोणी नाही. करी रोडच्या पुलावर पाऊण तास उभ्या असलेल्या गाडीची जाहिरात कोणी केल्याचं ऐकिवात नाही, आणि आमचं आयुष्य तर तिथं जायचं आहे. गिरगाव ते दादर हे अंतर आठ-नऊ किलोमीटर. १२ सप्टेंबर २०२५ ला एल्फिन्स्टनचा पूल पाडायला बंद केला, तेव्हापासून परळची गाडी टिळक पुलावर आणि करी रोडला, करी रोडची चिंचपोकळीला, आणि चिंचपोकळीची जिथल्या तिथं. लालबागचा उड्डाणपूल २०११ मध्ये झाला, त्यावरून माणूस झपकन जातो, म्हणजे पुढच्या सिग्नलपाशी झपकन जाऊन उभा राहतो. अशा शहरात गाडी पळते कशी, हे विचारण्यात अर्थ नाही. उभी कशी राहते, हे विचारावं. आणि या माइल्ड म्हणून हिणवलेल्या हायब्रिडला अंगभूत कला कुठली येत असेल, तर ती उभं राहण्याचीच.

अण्णांना हे समजावून सांगायला गेलो तर ते हसले. त्यांच्या मते मुंबईनं हायब्रिड केव्हाच चालवली आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेल्या प्रीमियर पद्मिनीच्या टॅक्सीत जो बसला आहे, त्याला हे माहीत आहे. सिग्नल लाल दिसला की टॅक्सीवाला दुरूनच न्यूट्रल टाकायचा, थांबल्यावर चावी फिरवून इंजिन बंद करायचा, आणि हिरवा होता होता पुन्हा चावी. पेडर रोडचा उतार तर इंजिन बंद करून, देवावर हवाला ठेवून उतरायचे. ही हायब्रिड पूर्णपणे टॅक्सीवाल्याच्या डोक्यात बसवलेली होती, तिला बॅटरी लागत नव्हती. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. राहता राहिली ब्रेकमधून वीज, तर तीही आम्हाला नवी नाही. २००७ नंतर आलेल्या लोकल तेच करतात. स्टेशन आलं आणि ब्रेक लागला की मोटरच उलटी वीज करते आणि ती ओव्हरहेड वायरीत परत जाते. आपण दाराशी लोंबकळत असतो आणि आपल्या वजनाची वीज पुढच्या गाडीला मिळत असते. मुंबईकराचं धकाधकीचं जीवन म्हणतात ते वाया जात नाही, एवढा दिलासा मला पहिल्यांदाच मिळाला.

तर ग्लान्झा होती लालबागला आणि बलेनो होती दादरला, हिंदू कॉलनीत. आधी लालबागला गेलो. मालक पंचविशीतला, मंडळाचा कार्यकर्ता. मागच्या काचेवर मंडळाचं नाव, आत अत्तराचा वास. आरसी बुक, इन्शुरन्स, सगळं प्लास्टिकच्या पाकिटात. गाडी चकचकीत. ‘काका, दहा दिवस सोडले तर गाडी रोज पुसतो,’ तो म्हणाला. ते दहा दिवस म्हणजे गणपती. तेव्हा ही गाडी कळव्याला आत्याकडे मुक्कामाला असते, कारण लालबागमध्ये त्या काळात फक्त माणसांनी उभं राहायचं असतं. १९३४ पासून लालबागच्या राजाच्या पायाशी लोक येऊन उभे राहत आले आहेत. उभं राहण्याचं शास्त्र कोणाला येत असेल तर ते लालबागकरांना, अशी माझी समजूत होती.

अण्णा मागच्या सीटवर बसले, काठी शेजारी टेकवून. त्यानं गाडी चालू केली आणि तोच हात पुढं नेऊन डॅशबोर्डवरचं एक बटण दाबलं. मी विचारलं, हे काय? ‘ते इंजिन बंद पडायचं आहे ना सिग्नलला, ते ऑफ करतो. रोज आधी तेच.’

‘पण हायब्रिड त्याच्यासाठीच घेतात ना?’

‘बरोबर आहे, काका. पण सिग्नलला आवाज बंद झाला की मागचे हॉर्न मारतात. त्यांना वाटतं, शिकाऊ आहे.’ आणि मग मनातलं सांगितलं, ‘गाडी थांबली तरी इंजिन चालू पाहिजे. दम वाटतो.’

भारतमाता सिनेमासमोर आम्ही थांबलो. पहिला गिअर टाकलेला, क्लच दाबलेला, उजवा पाय थरथरता, नजर सिग्नलच्या आकड्यावर. तीन राहिले असतानाच गाडी सुटली. पुढं बसच्या मागं ब्रेक लागला आणि अण्णांची काठी खाली पडली. ती उचलून त्यांनी ठेवली, तर पुलाच्या चढावर हाफ क्लचमध्ये पुन्हा पडली. पोरगा मनानं फार चांगला. निघताना चिवडा गल्लीतला चिवडा त्यानं हट्टानं बरोबर दिला. गाडी नाही घेतली तरी चालेल, पण गणपतीत दर्शनाला या, म्हणाला.

हिंदू कॉलनीतल्या मालकीणबाई निवृत्त शिक्षिका. विषय गणित. गाडी झाडाखाली, खाकी कव्हरात. कव्हर काढून त्याच्या चार समान घड्या घालून झाल्याशिवाय त्या बोलल्या नाहीत. मग पिशवीतून एक वही काढली. तारीख, किलोमीटर, लिटर, ॲव्हरेज, शेरा. रकाने पट्टीनं आखलेले. शेऱ्यात ‘हिंदमातास पाणी, परत फिरले’ अशा नोंदी. तिथं पाणी तुंबू नये म्हणून महापालिकेनं आसपासच्या मैदानांखाली मोठाल्या टाक्या बांधल्या आहेत, पण बाईंचा भरवसा शेऱ्याच्या रकान्यावर. मी म्हटलं, ‘बाई, बॅटरी सीटखाली आहे ना, म्हणून?’ त्या म्हणाल्या, ‘सीटवर मी असते, म्हणून.’

दादर टीटीच्या सर्कलला सिग्नल लाल झाला. बाईंनी दुरूनच ॲक्सिलरेटर सोडला, गाडी आपोआप मंदावत आली, न्यूट्रल पडला, डावा पाय उचलला गेला आणि काटा शून्यावर टेकला. इंजिनाची घरघर संपली आणि दादर ऐकू यायला लागलं. ‘पुणे, पुणे, शिवनेरी’ ही आरोळी, कोणाच्या तरी पिशवीतल्या भांड्यांचा आवाज, फुटपाथवर मोगऱ्याच्या गजऱ्यावरून चाललेली घासाघीस. बाईंनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. मागून हॉर्न वाजला, मग आणखी एक, लांबलचक. मी मागं वळून पाहिलं.

‘घाई त्याला आहे,’ बाई म्हणाल्या, ‘सिग्नलला नाही.’

आकडा शून्यावर आल्यावर त्यांनी क्लच दाबला. इंजिन कधी चालू झालं ते मला कळलं नाही, गाडी निघाल्यावर समजलं. मी एसीबद्दल विचारलं, कारण इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसरही बंद, नुसता पंखा. ‘आत तापलं की ती आपणहून चालू होते,’ बाई म्हणाल्या. ‘मे महिन्यात तिला बंद राहणं जमत नाही. मलाही जमत नाही. मी रागावत नाही.’

त्या संध्याकाळी घरी बैठक बसली. भावोजी फोनवर, मजल्यावरचे काका प्रत्यक्ष, पुतण्या ऑकलंडहून मध्यरात्री जागा. बिल्ला, रिसेल, सर्व्हिस सेंटर, सगळं पुन्हा एकदा झालं. शेवटी कोणीतरी अण्णांना विचारलं.

‘ती दादरची घ्या,’ अण्णा म्हणाले.

‘मारुती म्हणून ना?’ काका खूश झाले.

‘कुठली कंपनी ते मी बघितलं नाही. तिथं काठी पडली नाही.’ मग ते जरा सावरून बसले आणि त्यांनी आम्हाला नोकरीतला धडा सांगितला. बसचा ड्रायव्हर कसा आहे हे बसलेल्या प्रवाशाला विचारायचं नाही, उभ्या प्रवाशाला विचारायचं. बस सुटली आणि थांबली, हे त्याला खिडकीतून बघितल्यावर कळलं पाहिजे, अंगावरून नाही. उभ्याउभ्या तिकिटं फाडण्यात आयुष्य गेलेल्या माणसाचं हे मत होतं. त्यापुढं वॉरंटीची काय मातब्बरी?

मला मात्र त्यातून एक गोष्ट उमगली. शोरूममध्ये असताना या दोन गाड्यांत खरोखरच फरक नव्हता, आणि त्या वेळी जे बिल्ल्यावरून भांडले, त्यांचा इलाज नव्हता. भांडायला दुसरं काही शिल्लकच नव्हतं. पण एकाच कारखान्यातून निघालेली एक गाडी लालबागला गेली आणि एक दादरला, आणि इतक्या वर्षांत एकीनं हजारो सिग्नलला दम धरला, दुसरीनं दम दाखवला. आता त्यांच्या क्लचच्या प्लेटा सारख्या नाहीत, ब्रेकचे पॅड सारखे नाहीत. हायब्रिडची सगळी करामत त्या डाव्या पायावर अवलंबून आहे आणि तो पाय कंपनी पुरवत नाही. नवी गाडी घेणारा कंपनी निवडतो. जुनी घेणाऱ्याला माणूस निवडावा लागतो. तोही शक्य तर सिग्नलला उभा असताना बघून.

बलेनो घेतली. बाईंनी चाव्यांबरोबर ती वही दिली आणि ‘रकाने पट्टीनं आखा’ अशी सूचनाही. माझा डावा पाय अजून सिग्नलला वळवळतो, पण शेजारी ही असते आणि मागं अण्णांची काठी असते, त्यामुळे न्यूट्रल पडतो. पहिल्या महिन्याचं ॲव्हरेज कागदावरच्या आकड्याच्या आसपाससुद्धा आलं नाही. ते मी वहीत प्रामाणिकपणे लिहिलं आणि शेऱ्यात ‘करी रोड’ एवढंच लिहिलं. हिंदू कॉलनीत ते समजेल.

नातेवाईक अजून विचारतात, मारुती घेतली की टोयोटा? मी सांगतो, ‘दादरची.’ मुंबईत एवढं पुरतं. साडी असो, डॉक्टर असो, गाडी असो, ‘दादरची’ म्हटलं की समोरचा समाधानानं मान हलवतो. परवा भावोजींनीही हलवली. मग त्यांचा चेहरा पुन्हा गंभीर झाला, खुर्ची त्यांनी पुढं ओढली आणि म्हणाले, ‘दादर ईस्ट की वेस्ट? कारण त्यात फार फरक आहे.’